चासी कुणाची, बॉडी कुणाची?

वाकडच्या एका शाळेत संगणकाच्या खोलीत आमची गेली काही वर्षे ये-जा आहे. खोलीत बारा संगणक आहेत. त्यांतले दहा हिंजवडीच्या एका कार्यालयाने वापरून झाल्यावर शाळेला दिले. उरलेले दोन अगदी छोटे आणि जुने. ते एका पालकांनी घरचे आणून दिले. हिंजवडीत जे टाकाऊ ठरते ते वाकडच्या शाळेत नवे म्हणून दाखल होते आणि त्यात आम्हाला काही गैर वाटत नाही. चौथ्या पिढीचा प्रक्रियक आणि चार जीबी स्मृती असलेला संगणक आठवीच्या मुलांना भूमितीच्या आकृत्या काढायला, प्रयोगाच्या नोंदींचा आलेख करायला आणि मराठीत अहवाल लिहायला पुरून उरतो.

या संगणकांवर शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने एक मुक्त प्रणाली बसवून दिली होती. दिसायला देखणी, विंडोजसारखी खाली पट्टी, कोपऱ्यात घड्याळ, चित्रे सुबक. मुले खूष, मुख्याध्यापक खूष, आम्हीही खूष. दोन वर्षे सगळे छान चालले. मग एका डिसेंबरात विज्ञान प्रदर्शनाच्या चार दिवस आधी शाळेत नवा प्रिंटर आला. त्याच्यासाठी लागणारी आज्ञावली उतरवून घ्यायची म्हणून आम्ही अद्ययावत करण्याची आज्ञा दिली, तर पडद्यावर ओळीमागून ओळ येऊ लागली : सापडले नाही, सापडले नाही. ज्या भांडारातून ही प्रणाली आपले सुटे भाग आणत होती ते भांडारच बंद झाले होते. प्रणाली तयार करणारी मंडळी दोन-तीनच होती आणि त्यांनी केव्हाच हात आवरते घेतले होते. मुलांनी मुळा नदीच्या पाण्यावर केलेल्या प्रकल्पाचे तक्ते शेवटी स्केचपेनने लिहिले गेले. तक्ते वाईट झाले नाहीत. पण वर्षभर संगणकावर साठवलेल्या नोंदी हाताने उतरवून काढताना मुलांच्या चेहऱ्यावर जे दिसत होते त्याला उत्तर आमच्यापाशी नव्हते.

चूक आमची होती. आम्ही प्रणालीचा चेहरा पाहिला. ती कशावर उभी आहे हे विचारले नाही. नंतर शोध घेतला तेव्हा कळले की ती दुसऱ्या एका प्रणालीवर बेतलेली होती आणि ती दुसरी तिसऱ्या एकीवर. वरचा मजला ओस पडला होता, तळमजल्यावर मात्र वर्दळ होती. हे आधी ठाऊक असते तर आम्ही थेट तळमजल्यावरच बिऱ्हाड केले असते.

तळमजला म्हणजे नेमके काय, हे समजून घ्यायला वाकडहून दापोडीपर्यंत जाऊ. तिथे एस.टी.ची मध्यवर्ती कार्यशाळा आहे. एस.टी.ने आपल्या लाल गाड्या वर्षानुवर्षे अशा कार्यशाळांत बांधल्या. पण त्या गाड्यांची इंजिने एस.टी. बनवत नाही. मोटार कंपनीकडून चासी येते : लांबलचक सांगाडा, त्यावर इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, स्टिअरिंग, चाके. कार्यशाळेतले कारागीर तिच्यावर पत्रा चढवतात, बाके बसवतात, खिडक्या, दारे, पाटी आणि रंग करतात. प्रवाशाला गाडी एस.टी.ची म्हणून कळते आणि ते बरोबरच आहे. पण घाटात गाडी बंद पडली तर डेपोतला मेकॅनिक पहिला प्रश्न विचारतो तो चासी कुठली असाच.

लिनक्सच्या जगात अगदी हीच रीत आहे. लिनक्स हे नाव खरे तर केवळ गाभ्याचे, म्हणजे १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी सुरू केलेल्या कर्नलचे. कर्नल यंत्राशी बोलतो. त्याच्याभोवती मूलभूत आज्ञावल्या, एकमेकींवर विसंबणाऱ्या शेकडो लायब्रऱ्या, नवे काही बसवण्याची व जुने बदलण्याची यंत्रणा आणि हजारो आज्ञावल्यांचे भांडार असे सगळे मिळून पाया तयार होतो. ही चासी. तिच्यावर मेनू, चित्रे, खिडक्यांची ठेवण, भाषा, आधीच बसवलेली शैक्षणिक साधने वगैरे जे चढवतात ती बॉडी. आज्ञावली मुक्त असल्यामुळे कुणीही कुणाचीही चासी घेऊन तिच्यावर आपली बॉडी बांधू शकतो. म्हणूनच अशा प्रणाली शेकड्यांनी आहेत, आणि त्यांच्याखालच्या चासी मात्र बोटांवर मोजण्याइतक्या : डेबियन, तिच्यावरच बेतलेली पण आता स्वतःच अनेकांचा पाया झालेली उबुंटू, फेडोरा आणि रेड हॅटचे घराणे, सुसे, आर्च.

एका ठिकाणी ही उपमा लंगडी पडते आणि नेमके तिथेच आमचे पाऊल घसरले. कारखान्यातून निघालेली चासी नंतर फारशी बदलत नाही. प्रणालीचा पाया मात्र रोज दुरुस्त होत असतो. कुठे सुरक्षेचे भोक सापडते, कुठे नव्या प्रिंटरची माहिती घालावी लागते. या दुरुस्त्या पायाकडून वरच्या बॉडीपर्यंत पोचण्याची वाट मोकळी असावी लागते. लिनक्स मिंट ही प्रणाली उबुंटूवर बेतलेली आहे. तिच्या संगणकावर उबुंटूच्या दुरुस्त्या उबुंटूच्याच भांडारातून येतात आणि मिंटची मंडळी फक्त स्वतःच्या भागापुरते वेगळे भांडार ठेवतात. उलट मांजारो ही आर्चवर बेतलेली प्रणाली आर्चचे नवे भाग काही काळ थांबवून, पारखून मग पुढे पाठवते. दोन्ही रीतींना कारणे आहेत. पण मधला माणूस जितके जास्त काम स्वतःकडे घेतो तितके त्याच्या थकण्याने आपले बिघडते, हे शाळेने लक्षात ठेवायला हवे.

आपल्या देशात हा निर्णय एकदा सरकारी पातळीवर घेतला गेला आहे. त्याची चर्चा शिक्षकांमध्ये व्हावी तितकी झाली नाही, म्हणून इथे जरा सविस्तर.

प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, ही संस्था १९८८ साली स्थापन झाली आणि तिचे मुख्यालय पुण्यात आहे. परम ८००० हा महासंगणक तिने १९९१ साली केला, हे आपण विद्यार्थ्यांना सांगतोच. याच संस्थेच्या चेन्नई केंद्राने मुक्त आज्ञावलींच्या राष्ट्रीय संसाधन केंद्राच्या कामातून 'बॉस', म्हणजे 'भारत ऑपरेटिंग सिस्टीम सोल्यूशन्स' ही प्रणाली तयार केली. पहिली आवृत्ती जानेवारी २००७ मध्ये आली. तिचा पाया डेबियन. शाळांसाठी तिचे 'एज्युबॉस' असे वेगळे रूपही काढण्यात आले.

बॉसचे नाव निघाले की दोन प्रकारची मते हमखास ऐकू येतात. एक : ही आपली स्वदेशी प्रणाली, अभिमान बाळगा. दुसरे : छे, हे तर डेबियनला दिलेले रंगाचे दोन हात. आम्हाला दोन्ही मते सारखीच उथळ वाटतात. चासी बाहेरून आणली म्हणून लाल गाडी महाराष्ट्राची होण्याची राहत नाही आणि पाटी देवनागरीत रंगवली म्हणून इंजिन आपले होत नाही. विचारायचे ते हे की चासी नीट पारखून घेतली होती का, आणि तिच्यावरची बॉडी पुढे दुरुस्त करता येईल अशी बांधली का.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आमच्या मते निःसंशय होकारार्थी आहे. २००६-०७ सालची परिस्थिती आठवून पाहा. फेडोराची नवी आवृत्ती साधारण सहा महिन्यांनी येते आणि प्रत्येक आवृत्तीला सुमारे तेरा महिने दुरुस्त्या मिळतात. प्रयोग करणाऱ्या तरुणांना हे ठीक. पण ज्या शाळेत संगणकाचा तास आठवड्यातून एक-दोनदा होतो आणि उन्हाळ्याच्या सुटीत खोलीला कुलूप असते तिथे दर वर्षी बारा यंत्रे नव्याने कोण घडवणार? उबुंटू तेव्हा लहान होती. तिचा जन्म ऑक्टोबर २००४ चा, आणि दीर्घकाळ सांभाळली जाणारी पहिली आवृत्ती जून २००६ ची. तिच्यामागे एक कंपनी होती व आहे. त्या कंपनीचे पुढे काय होईल हे तेव्हा कुणालाच सांगता आले नसते. डेबियन मात्र १६ ऑगस्ट १९९३ रोजी इयान मरडॉक यांनी सुरू केली तेव्हापासून चालू होती. तिला मालक नाही. जगभरचे स्वयंसेवक ती चालवतात, आपला प्रमुख दर वर्षी मतदानाने निवडतात आणि वापरणाऱ्यांशी आपण कसे वागू याचा लेखी करार त्यांनी १९९७ सालीच स्वीकारला आहे. सरकारी कामासाठी पाया निवडताना मालक नसणे हा दोष नव्हे, गुण आहे. मालकाचे मत बदलू शकते.

ते बदलते म्हणजे काय होते, याचे ठळक उदाहरण पुढे घडले. सेंटओएस ही रेड हॅटच्या व्यापारी प्रणालीची फुकट मिळणारी प्रतिकृती अनेक महाविद्यालयांनी आणि संस्थांनी पायाभूत म्हणून वापरली होती. तिच्या आठव्या आवृत्तीला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार होत्या. डिसेंबर २०२० मध्ये रेड हॅटने जाहीर केले की त्या २०२१ च्या अखेरीस थांबतील. कायद्याने यात काही वावगे नव्हते. वस्तू त्यांची, वेळापत्रक त्यांचे. पण आठ वर्षांचा हिशोब एका घोषणेने एका वर्षावर आला. मिंटच्या मंडळींनी असा धोका ओळखून फार आधी, म्हणजे २०१० सालीच, उबुंटूला वगळून थेट डेबियनवर उभी असलेली दुसरी आवृत्ती काढून ठेवली. उद्या उबुंटू नसेल तर काय, याची ती तयारी. पुढे तर उबुंटूने क्रोमियम हा ब्राउझर आपल्या नव्या 'स्नॅप' पद्धतीनेच देण्याचे ठरवले, मिंटला ती पद्धत मान्य नव्हती, तेव्हा क्रोमियमची बांधणी मिंटला स्वतःच करावी लागली. पाया दुसऱ्याचा असला की त्याच्या प्रत्येक निर्णयाला एक तर मान तुकवायची किंवा ते काम स्वतःच्या डोक्यावर घ्यायचे, असे दोनच मार्ग उरतात.

डेबियनचे गुण सांगताना तिचे दोष झाकले तर ही समीक्षा कसली! दोष दोन सांगतो, कारण दोन्ही शिकण्यासारखे आहेत.

मे २००८ मध्ये असे उघडकीस आले की डेबियनच्या एका स्वयंसेवकाने २००६ साली ओपनएसएसएल या कूटलेखनाच्या आज्ञावलीत एक बदल केला होता. हेतू चांगला होता, तपासणीच्या साधनाला खटकणाऱ्या ओळी काढण्याचा. पण त्या ओळींतूनच यादृच्छिक संख्यांना लागणारी अनिश्चितता येत होती. ती गेल्यावर किल्ली बनवताना प्रक्रियेचा क्रमांक एवढीच काय ती बदलणारी गोष्ट उरली आणि तो ३२,७६८ पर्यंतच असे. एकाच आकाराच्या आणि प्रकारच्या किल्ल्या अब्जावधींनी निघायला हव्यात, त्या निघाल्या तेहतीस हजारांच्या आत. चोराने सगळ्या करून पाहायच्या म्हटल्या तरी काही तासांचे काम. (संभाव्यता शिकवताना अकरावीच्या वर्गात हे उदाहरण जरूर वापरावे, फासा खरा आहे की खोटा हे वरून दिसत नाही, हा मुद्दा याहून चांगला पटत नाही.) हा दोष डेबियनपुरता राहिला नाही. तिच्यावर बेतलेल्या उबुंटूतही तो जसाच्या तसा उतरला होता. पाया निवडणे म्हणजे त्याचे गुण घेणे तसेच त्याच्या चुकाही घेणे. तरीही आम्ही हे डेबियनच्या विरुद्ध धरत नाही. चूक सापडली ती डेबियनच्याच एका माणसाला. ती लपवली गेली नाही, दुरुस्ती त्याच वेळी सर्वांना मिळाली आणि कमकुवत किल्ल्या ओळखण्याचे साधनही सोबत दिले गेले.

दुसरा दोष शिक्षकांना अधिक जाचला. तत्त्वाला धरून डेबियनने आपल्या अधिकृत स्थापना-चकतीत मुक्त नसलेली फर्मवेअर ठेवायची नाही असे ठरवले होते. परिणाम असा की कित्येक संगणकांत वायफायची चिप असूनही ती जागी होत नसे, आणि ती जागी करण्याची फाइल उतरवायला इंटरनेट हवे, जे वायफाय नसल्यामुळे नाही! बॉडी बांधणाऱ्यांची, म्हणजे उबुंटू-मिंटसारख्यांची, लोकप्रियता वाढण्यात या हट्टाचा वाटा मोठा होता असे आमचे मत आहे. २०२२ साली डेबियनच्या सभासदांनी मतदान करून हा नियम बदलला आणि जून २०२३ मध्ये आलेल्या बाराव्या आवृत्तीपासून फर्मवेअर स्थापना-चकतीतच मिळू लागली. शाळेने थेट डेबियन बसवावी असे आम्ही आज म्हणतो, ते या बदलामुळे. २०१५ साली म्हटले नसते.

आता बॉसबद्दलच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. बॉडी कशी बांधली? जुन्या कार्यालयीन फाइली एकगठ्ठा मुक्त स्वरूपात बदलून देण्याचे साधन, भारतीय भाषांतून टंकलेखन, कचेरीत लागणाऱ्या वस्तू आधीच बसवलेल्या, हे सारे उपयोगाचे होते. कुणी नुसता रंग दिला असे म्हणणे म्हणूनच अन्यायाचे आहे. आमचा आक्षेप बांधणीच्या जागेवर आहे. हे काम डेबियनच्या बाहेर, वेगळ्या नावाने, वेगळ्या आवृत्ती-क्रमांकांनी झाले. डेबियन १२ आली जून २०२३ मध्ये. तिच्यावर बेतलेली बॉसची दहावी आवृत्ती 'प्रज्ञा' आली २०२४ मध्ये. डेबियनची तेरावी आवृत्ती ऑगस्ट २०२५ मध्ये आली. वेगळी बॉडी म्हटली की दर वेळी चासी बदलल्यावर सगळा पत्रा नव्याने ठोकायचा आणि तोवर वापरणाऱ्याने थांबायचे, असे होतेच. यात चेन्नईच्या मंडळींच्या कौशल्याचा प्रश्न नाही, रचनेचा आहे.

दुसरी रचना शक्य होती आणि ती डोळ्यांसमोर होती. नॉर्वेमध्ये २००१ साली काही शिक्षक, पालक आणि आज्ञावलीकारांनी शाळांसाठी 'स्कोलेलिनक्स' सुरू केली. थोड्याच काळात ती 'डेबियन एज्यु' या नावाने डेबियनच्या आतच विलीन झाली. शाळेसाठी लागणारे सगळे भाग डेबियनच्या मुख्य भांडारात जातात. चासीच्या कारखान्यातच बॉडीवाल्यांना जागा दिल्यासारखे. उद्या नॉर्वेतली ती मंडळी थकली तरी त्यांनी भांडारात घातलेली आज्ञावली दुसरे कुणी सांभाळू शकते. बॉसचे भाषांतर, टंक आणि साधने याच वाटेने आधी डेबियनमध्ये आणि मग बॉसमध्ये यायला हवी होती, म्हणजे बॉसचे नावही न ऐकलेल्या वाकडच्या शाळेला ती आपोआप मिळाली असती.

केरळचा अनुभव आणखी वेगळा. तिथल्या शाळांसाठीच्या प्रकल्पाने पहिली प्रणाली डेबियनवर बेतली, पुढे पाया बदलून उबुंटू घेतला. २०१९ साली दोन लाखांहून अधिक शालेय संगणकांसाठी जी आवृत्ती दिली ती उबुंटू १८.०४ वर होती. म्हणजे चालत्या गाडीखालची चासी बदलली! शिक्षकांना ते जड गेले नाही, कारण पाठ्यपुस्तकात पायाचे नाव नव्हतेच. जिओजेब्रा, लिब्रेऑफिस, जिंप ही साधने होती आणि ती दोन्ही पायांवर सारखीच चालतात. शिवाय प्रशिक्षण देणारे लोक जिल्ह्याजिल्ह्यांत होते. आपल्या राज्यात शाळाशाळांना मिळालेले संगणक कपाटात धूळ खात पडलेले आम्ही पाहिले आहेत, आणि प्रत्येक वेळी कारण प्रणालीचे सांगितले जाते. बहुधा ते कारण माणसाचे असते. स्पेनच्या एस्त्रेमादुरा प्रांताने २००२ साली 'लिनेक्स' ही डेबियनवर बेतलेली प्रणाली काढून शाळांत दोन मुलांमागे एक संगणक दिला होता. जगाने वाखाणले. दहा वर्षांत सरकारचा उत्साह मावळला आणि ती बॉडी संपली. तिच्याखालची डेबियन अजून चालू आहे.

एवढे सगळे वाचून एखादे शिक्षक म्हणतील, हे ठीक, पण मराठीचे काय? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचेही उत्तर बॉडीत कमी, पायात जास्त आहे. अक्षर पडद्यावर उमटवायला टंक लागतो, जोडाक्षर जुळवणारी लायब्ररी लागते आणि कळफलकाची मांडणी लागते. तिन्ही गोष्टी पायातून येतात. पाया जुना असेल तर वर कितीही सुंदर मराठी मेनू असला तरी अक्षरे तुटतात. आम्ही कोणतीही प्रणाली तपासताना पाच शब्द लिहून पाहतो : दुसऱ्या, तऱ्हा, ॲप, शाळा, लक्ष्मण. पहिल्या दोनांत अर्धा र नीट येतो का, की त्याचा रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो? 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली दाखल झाले. त्याआधीच्या टंकांत तिथे चौकोन दिसतो. म्हणजे २००७ सालच्या कोणत्याही प्रणालीला, मग ती कितीही स्वदेशी असो, हे अक्षर ठाऊक असणे शक्यच नव्हते. 'शाळा' आणि 'लक्ष्मण' हे श आणि ल यांच्या मराठी वळणासाठी. राज्य सरकारने २००९ साली ही वळणे अधिकृत केली आहेत. पण टंकात ती असतील आणि मजकूर मराठी आहे हे प्रणालीला सांगितलेले असेल तरच ती दिसतात, नाहीतर हिंदीची दिसतात. पहिलीच्या मुलाला शिक्षकाने फळ्यावर एक ल शिकवायचा आणि संगणकाने दुसरा दाखवायचा, ही गोष्ट आम्हाला लहान वाटत नाही. लोहित टंक रेड हॅटने खुला केला आणि त्याची देखभाल पुण्यातून झाली. तो डेबियन, फेडोरा, उबुंटू अशा सगळ्यांच्या भांडारात आहे. पायात घातलेले काम सर्वत्र पोचते म्हणतात ते असे.

आमच्या शाळेचे काय झाले ते सांगायचे राहिले. ते दहा संगणक कार्यालयात विंडोज १० वर चालत. तीच परत घालावी असा एक विचार पुढे आला होता. मायक्रोसॉफ्टने तिचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला; नोंदणी करून किंवा पैसे भरून मिळणारी मुदतवाढ आहे, पण ती मर्यादित. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि इंटेलचा बहुतेक करून आठव्या पिढीपासूनचा प्रक्रियक लागतो, तेव्हा तो मार्ग बंदच होता. बॉसचा विचार झाला. उबुंटूवरच्या मिंटचा तर बराच झाला, कारण नवशिक्या शिक्षकाला ती डेबियनहून सोपी जाते हे खरे आहे, आणि ज्या शाळेत कुणीच जाणकार नाही तिथे आम्ही आजही मिंटच सुचवू. पण आमच्याकडे दोन शिक्षक शिकायला तयार होते आणि डिसेंबरची आठवण ताजी होती. आम्ही दहाही यंत्रांवर डेबियन १३ घातली, एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप घेतला. मिंटचे देखणेपण तिच्यात नाही. मुलांनी पहिल्या दिवशी नाके मुरडली. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी पडद्यावरचे चित्र बदलले, पट्टी खाली आणली आणि तक्रार संपली. चेहरा एवढ्या सहज बदलतो हे आम्हाला बारा-तेरा वर्षांच्या मुलांनी दाखवून दिले.

पालकांनी दिलेल्या दोन छोट्या यंत्रांनी मात्र पेच टाकला. त्यांचा प्रक्रियक ३२ बिटचा. डेबियन १३ ने अशा यंत्रांसाठी कर्नल आणि स्थापना-चकती देणे बंद केले आहे. उबुंटूने तर ती वाट २०१९ सालीच सोडली. पायाने एक दार लावले की वरच्या सगळ्या मजल्यांवरचे ते दार हळूहळू लागतेच. या दोघांवर डेबियन १२ बसवली. तिला जून २०२८ पर्यंत दुरुस्त्या मिळतील.

शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरमध्ये आता या बारा संगणकांसमोर पेन्सिलीने एक जादा रकाना आखला आहे : पाया कोणता आणि त्याची मुदत केव्हा संपते. तपासणीला आलेल्या साहेबांनी हा रकाना कोणत्या परिपत्रकाने आला असे विचारले. बाईंनी त्यांना स्केचपेनने लिहिलेले नदीचे तक्ते दाखवले. ते अजून खोलीच्या भिंतीवर आहेत.